हक्क मुलाचा, पायपीट आईबापांची

दिव्यांग मुलाला शाळेत घ्यायचं की नाही, हे आपल्या मर्जीने ठरवण्याचा अधिकार आज देशातल्या कुठल्याही मान्यताप्राप्त शाळेला उरलेला नाही. कायदा त्याबाबत स्पष्ट आहे. तरीही प्रवेशाचे दिवस आले की रायपूरच्या चौबे कॉलोनीत काय किंवा पुण्याच्या कोथरूडमध्ये काय, मुलाचा हात धरून या शाळेतून त्या शाळेत हिंडणारे आईबाप दिसतातच. नकार कुणी कागदावर देत नाही. 'हमारे यहाँ ऐसे बच्चों की व्यवस्था नहीं है, आपके बच्चे का ही नुकसान होगा,' असं अगदी मायेने सांगितलं जातं. प्रवेश मिळाला तरी पुढची लढाई वर्गात असते. जास्तीचा वेळ, लेखनिक, पहिला बाक, वेगळी प्रश्नपत्रिका, प्रत्येक गोष्ट मागावी लागते. मागणारी बहुतेक वेळा आई असते आणि दोन-तीनदा मागितलं की शाळेच्या लेखी ती 'कटकटी पालक' होते.

या पालकांना मदत कुणी करायची, कशी करायची आणि आजवर ती कितपत झाली, याचा हा आढावा आहे. त्यातून एक गोष्ट ठळक होते. आपल्या कायद्यांनी मुलाला हक्क दिला. पण त्या हक्काचं रोजच्या वर्गात काय करायचं, हे ठरतं तिथे पालकाला बसायला जागा दिली नाही. ती जागा मिळवायला माहिती, कागद आणि सोबत या तीन गोष्टी लागतात. पहिल्या दोन आता पुष्कळ प्रमाणात मिळू शकतात. तिसरीची मात्र वानवा आहे.

चौबे कॉलोनीपासून सुरुवात करायला कारण आहे. १९३५ साली स्थापन झालेलं रायपूरचं महाराष्ट्र मंडळ इथेच आहे. भोसल्यांच्या राजवटीपासून, आणि पुढे नागपूर ही मध्य प्रांत-वऱ्हाडची राजधानी असताना, नोकरी, वकिली, मास्तरकीच्या निमित्ताने मराठी घरं छत्तीसगडात येत राहिली आणि इथलीच झाली. या मंडळाने गणेशोत्सव आणि नाटकांच्या पलीकडे जाऊन शाळा चालवली, शेजारच्या समता कॉलोनीत दिव्यांग बालिका विकास गृह चालवलं. म्हणजे इथल्या मराठी समाजाला हा प्रश्न नवखा नाही. पण संस्था चालवणं आणि आपल्याच गल्लीतल्या एखाद्या आईबरोबर मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये जाऊन बसणं, ही दोन वेगळी कामं आहेत. दुसरं काम अजून कुणाच्याच खात्यात नाही.

पालकांनीच उघडलेली दारं

भारतातल्या विशेष शिक्षणाचा इतिहास पाहिला तर सरकारच्या आधी पालक पोहोचलेले दिसतात. मुंबईत १९४४ साली जय वकील शाळा सुरू झाली. १९७२ मध्ये मिठू अलूर यांनी मुंबईतच स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया उभी केली, ती त्यांच्या मुलीला, मालिनी चिब यांना, सेरेब्रल पाल्सी होती आणि तिला शिकवील अशी शाळाच नव्हती म्हणून. १९९१ मध्ये दिल्लीत मेरी बरुआ यांनी 'ॲक्शन फॉर ऑटिझम' सुरू केलं, तेही स्वमग्न मुलाची आई म्हणूनच. त्याच वर्षी मराठीत 'चौकट राजा' हा चित्रपट आला आणि दिलीप प्रभावळकरांच्या नंदूमुळे जो विषय घरात दबक्या आवाजात बोलला जायचा तो दिवाणखान्यात आला.

सरकारी बाजूने १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने अशा मुलांना जमेल तितकं सर्वसाधारण शाळेत शिकवावं, असं म्हटलं होतं. १९७४ मध्ये एकात्मिक शिक्षणाची केंद्रीय योजना आली. पण योजना म्हणजे हक्क नव्हे. हक्काची भाषा आली ती १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याने, आणि त्यातही स्वमग्नतेचा उल्लेख नव्हता. त्या कायद्याच्या यादीत सात प्रकारचं अपंगत्व होतं. स्वमग्न मूल त्यात कुठेच बसत नव्हतं. पालक संघटनांनी आग्रह धरला, १९९५ मध्येच 'परिवार' हा पालक संघटनांचा राष्ट्रीय महासंघ उभा राहिला, आणि १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांना जागा मिळाली.

अध्ययन अक्षमतेची गोष्ट महाराष्ट्राची आहे. हुशार दिसणारं, बोलणारं मूल वाचता-लिहिताना अडतं, याला आळस म्हणायची सर्रास पद्धत होती. मुंबईत सायन रुग्णालयातल्या बालरोगतज्ज्ञांचं काम, पालकांचा रेटा आणि महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशनसारख्या संस्था यांमुळे १९९६ पासून राज्यात अशा मुलांना शालान्त परीक्षेत सवलती मिळू लागल्या. 'तारे जमीन पर' हा चित्रपट यायला अजून ११ वर्षं होती. केंद्राच्या अपंगत्व कायद्यात अध्ययन अक्षमतेला जागा मिळायला मात्र २० वर्षं गेली.

कायदा काय देतो

आज पालकाच्या हातात मुख्यतः दोन कायदे आहेत. पहिला शिक्षणहक्क कायदा. तो २००९ चा, अंमल १ एप्रिल २०१० पासून. २०१२ च्या दुरुस्तीने दिव्यांग मुलं त्यातल्या 'वंचित गटा'त आली. त्यामुळे खासगी शाळांतल्या २५ टक्के राखीव जागांवर त्यांचाही हक्क झाला, आणि केंद्रीय कायद्यात वंचित गटाच्या व्याख्येला उत्पन्नाची अट जोडलेली नाही. तीव्र किंवा बहुविध अपंगत्व असलेल्या मुलांना घरी शिक्षण घेण्याचा पर्यायही याच दुरुस्तीने दिला.

दुसरा कायदा म्हणजे दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६. १९ एप्रिल २०१७ पासून तो लागू आहे. सातांच्या जागी २१ प्रकारचं अपंगत्व आलं. कलम १६ सरकारी मदत घेणाऱ्या आणि नुसती मान्यता असलेल्या, अशा दोन्ही शाळांना लागू आहे. भेदभाव न करता प्रवेश, पोहोचता येईल अशी इमारत, मुलाच्या गरजेनुसार वाजवी सोय, अध्ययन अक्षमता लवकर ओळखणं, प्रगतीची नोंद ठेवणं, दिव्यांग मुलांसाठी आणि ज्यांना जास्त आधार लागतो त्यांच्या मदतनीसासाठीही वाहन, हे सगळं त्यात येतं. कलम ३१ त्याच्या पुढे जाऊन ६ ते १८ वर्षांच्या, ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षण देतं. सर्वसाधारण शिक्षणहक्क १४ व्या वर्षी संपतो, हा १८ पर्यंत जातो.

या दोन कलमांतला फरक पालकांना कुणी सांगत नाही, आणि शाळा त्याचाच आधार घेतात. 'चालीस परसेंट का सर्टिफिकेट लाइए, फिर देखेंगे' हे वाक्य मोफत शिक्षणाच्या बाबतीत खरं असेल; वर्गातल्या सोयींच्या बाबतीत ते चूक आहे. कलम १६ मध्ये टक्क्यांची अट नाही. सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात हीच गोष्ट स्पष्ट केली. लिहिताना हाताला पेटके येणाऱ्या उमेदवाराला ४० टक्क्यांच्या अटीवर बोट ठेवून लेखनिक नाकारला होता. वाजवी सोय ही टक्क्यांवर अवलंबून नाही, असं न्यायालय म्हणालं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अवनी प्रकाश हिच्या खटल्यात, नीट परीक्षेत जास्तीचा तास न मिळालेल्या मुलीच्या बाजूने निकाल लागला. परीक्षा केंद्राला नियम ठाऊक नव्हता याची शिक्षा विद्यार्थिनीने का भोगावी, असा तिथे प्रश्न होता.

अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांच्या पालकांना तर हा फरक पाठच असायला हवा. केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे या अक्षमतेचा दाखला वयाच्या आठव्या वर्षापासून मिळतो, पुढे १४ व्या आणि १८ व्या वर्षी पुन्हा तपासणी होते. म्हणजे पहिली-दुसरीतलं मूल अडतं आहे हे बाईंना दिसतं, आईला दिसतं, पण कागद नाही. या दोन वर्षांत शाळेने हात बांधून बसावं असं कायदा कुठेही म्हणत नाही.

मग अडतं कुठे? कायद्यात काय नाही, ते पाहिलं की कळतं. प्रत्येक मुलासाठी वैयक्तिक शिक्षण आराखडा करण्याची पद्धत आपल्या चांगल्या विशेष शाळांत आहे, विशेष शिक्षकांच्या अभ्यासक्रमात आहे. पण २०१६ च्या कायद्यात तो बंधनकारक नाही. तो कुणी करायचा, कधी करायचा, पालकाची सही त्यावर हवी की नको, पालक असहमत असला तर काय, याबद्दल अक्षर नाही. तक्रार राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे करता येते. त्यांना साक्षीदार बोलावणं, कागदपत्रं मागवणं यांसाठी दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. मात्र शेवटी ते शिफारस करतात. ती पाळली की नाही हे संबंधितांनी तीन महिन्यांत कळवायचं असतं, आणि तोवर शैक्षणिक वर्षाचा मोठा भाग सरलेला असतो. कायदा मोडल्याबद्दल पहिल्या वेळी दंड १० हजार रुपयांपर्यंत. मोठ्या खासगी शाळेच्या प्रवेश शुल्कापुढे ही रक्कम काहीच नाही.

इतरांनी पालकाला कुठे बसवलं

अमेरिकेत १९७५ मध्ये दिव्यांग मुलांच्या शिक्षणाचा कायदा झाला, तोही पालकांनी पेनसिल्व्हेनियासारख्या राज्यांत न्यायालयात धाव घेतल्यानंतर. त्या कायद्याने दोन गोष्टी केल्या. दर वर्षी वैयक्तिक शिक्षण आराखड्याची बैठक घेणं शाळेला बंधनकारक झालं आणि त्या बैठकीत पालक हा पाहुणा न राहता सदस्य झाला. पहिल्या तपासणीला त्याची संमती लागते आणि निर्णय पटला नाही तर सुनावणी मागता येते. न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियातल्या मराठी आया या बैठकीबद्दल सहजपणे बोलतात. भारतात परतायचं ठरलं की त्यांच्यापुढचा पहिला प्रश्न असतो की तिथे ही बैठक कोण घेणार?

इथल्या चर्चेत सहसा न येणारी एक गोष्ट याहून महत्त्वाची आहे. या हक्कांचा वापर कसा करायचा, हे पालकांना शिकवण्यासाठी अमेरिकेत प्रत्येक राज्यात केंद्र सरकारच्या पैशाने चालणारं पालक प्रशिक्षण आणि माहिती केंद्र आहे. इंग्लंडमध्ये १९७८ च्या वॉरनॉक अहवालाने पालकांना भागीदार मानलं. आज तिथे प्रत्येक स्थानिक प्रशासनाने पालकांसाठी निःपक्षपाती सल्ला आणि आधार देणारी सेवा चालवणं कायद्याने आवश्यक आहे. म्हणजे हक्क दिला की तो मागायला शिकवणंही सरकारचंच काम, असं त्यांनी मानलं.

तिथेही सगळं आलबेल नाही. अमेरिकेच्या केंद्र सरकारने विशेष शिक्षणाच्या जादा खर्चाचा ४० टक्के वाटा उचलण्याचं ठरवलं होतं. तो आकडा आजवर कधीच गाठला गेला नाही. पैसेवाले पालक वकील घेऊन बैठकीला जातात, बाकीचे निमूट सही करतात. इंग्लंडमध्ये आराखड्यासाठी वाट पाहून कुटुंबं दमतात. पण भांडायला ठरलेली जागा आहे, ठरलेली मुदत आहे. आपल्याकडे जागाच ठरलेली नसल्याने भांडण शाळेच्या फाटकावर होतं आणि मुलाला त्याच फाटकातून रोज आत जायचं असतं.

रायपूरमधली वाट

रायपूरच्या पालकाला पहिल्याच पायरीवर कळतं की त्याचं मूल दोन खात्यांत वाटलेलं आहे. विशेष शाळा, दाखले, पेन्शन, साधनं हे समाजकल्याण खात्याकडे. सर्वसाधारण शाळांतलं समावेशी शिक्षण शालेय शिक्षण खात्याकडे. महाराष्ट्रातही हीच विभागणी आहे; तिथे डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांग कल्याणाचं वेगळं खातं झालं, पण सर्वसाधारण शाळा शालेय शिक्षणाकडेच राहिल्या. श्रवणयंत्र एका कार्यालयातून मिळतं आणि ते लावून बसलेल्या मुलीला कुठे बसवायचं, हे दुसरं कार्यालय पाहतं.

२०११ च्या जनगणनेत छत्तीसगडमध्ये सव्वासहा लाखांच्या आसपास दिव्यांग व्यक्ती नोंदल्या गेल्या. देशभरातल्या ५ ते १९ वयोगटातल्या दिव्यांग मुलांपैकी त्या वेळी ६१ टक्केच शिकत होती; चारातलं एकाहून अधिक मूल शाळेची पायरीच चढलं नव्हतं. रायपूर शहरात राहणाऱ्याला निदान तपासणी जवळ आहे. टाटीबंधला एम्स आहे, मेकाहारा म्हणजे आंबेडकर रुग्णालय आहे. पुनर्वसन आणि प्रशिक्षणाचं केंद्र सरकारचं संयुक्त विभागीय केंद्र राजनांदगावला आहे. कर्णबधिर मुलांसाठी कोपलवाणी, बौद्धिक अक्षम मुलांसाठी आकांक्षा यांसारख्या संस्था शहरात आहेत. सरकारी शाळांतल्या मुलांसाठी विकासखंडाच्या पातळीवर समावेशी शिक्षणाचे बीआरपी, म्हणजे ब्लॉक रिसोर्स पर्सन, असतात. एका माणसाच्या वाट्याला शाळा पुष्कळ येतात, भेट अधूनमधून होते. पण कुठलं मूल कुठल्या शाळेत आहे आणि कुठली योजना कुठे अडली आहे हे त्यालाच ठाऊक असतं. सरकारी शाळेच्या पालकाने ओळख करून घ्यावी असा पहिला माणूस तोच.

खासगी शाळांपैकी अनेक सीबीएसईच्या. या मंडळाने संलग्न शाळांना स्पेशल एज्युकेटर नेमायला २०१५ मध्येच सांगितलं होतं. नेमणूक कागदावर असते, माणूस असतोच असं नाही. कधी समुपदेशकाच्याच नावापुढे तेही पद लिहिलेलं असतं. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ च्या रजनीश कुमार पांडे खटल्यात प्राथमिकला विशेष गरजा असलेल्या १० मुलांमागे एक आणि त्यावरच्या वर्गांना १५ मुलांमागे एक विशेष शिक्षक असावा, असं सांगितलं. मार्च २०२५ मध्ये पुन्हा सगळ्या राज्यांना पदं ठरवून भरती सुरू करायला सांगावं लागलं, यावरून मधल्या साडेतीन वर्षांत काय झालं ते समजून घ्यावं. शिक्षक नसल्याची उणीव शाळा पालकाच्या खिशातून भरून काढतात. 'शॅडो टीचर (वर्गात मुलाजवळ बसणारा मदतनीस) तुम्ही आणा, पगार तुम्ही द्या' ही अट आता इतकी रुळली आहे की ती बेकायदा असू शकते, हे पालकांच्या मनातही येत नाही.

मराठी घर, हिंदी थेरपी, इंग्रजी शाळा

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घराचा एक खास पेच आहे. चौबे कॉलोनीतलं मूल आजीशी मराठी बोलतं, खेळायला हिंदीत जातं, कामाला येणाऱ्या मावशींची छत्तीसगढी ऐकतं आणि शाळेत इंग्रजीत लिहितं. इतर मुलं हे सहज पेलतात. पण बोलायला उशीर झालेल्या मुलाची आई थेरपिस्टकडे गेली की पुष्कळदा सल्ला मिळतो की घरातही हिंदीच बोला, एकच भाषा ठेवा. आई मान डोलावते. त्या दिवसापासून घरात तिची हिंदी अडखळत सुरू होते, आजी गप्प होते आणि मुलाशी सर्वांत जास्त वेळ बोलणारं माणूस त्याच्या आयुष्यातून अर्धं बाजूला होतं.

या सल्ल्यामागे हेतू चांगला असला तरी पुरावा नाही. स्वमग्न मुलांवर आणि डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांवर झालेल्या अभ्यासांत, दोन भाषांत वाढल्यामुळे मुलाची भाषा आणखी मागे पडते असं एकूणात आढळलेलं नाही. मुलाला भरपूर, खरी, मोकळी बोली ऐकायला मिळणं महत्त्वाचं, आणि ती आईला जी भाषा सहज येते तीतच मिळते. तेव्हा थेरपिस्टला नम्रपणे विचारावं की व्यायाम मराठीत कसे करायचे ते दाखवाल का? बहुतेक जण दाखवतात. कुणी विचारलेलंच नसतं.

हाच मुद्दा तपासणीलाही लागू आहे. घरी मराठी बोलणाऱ्या पाच वर्षांच्या मुलाची बुद्धिमापन चाचणी इंग्रजी सूचनांनी घेतली तर गुण कमी पडतील, आणि तो आकडा पुढे वर्षानुवर्षं त्याच्या फाइलला चिकटेल. चाचणी कोणत्या भाषेत घेतली आणि घरची भाषा कोणती, या दोन ओळी अहवालात लिहून मागणं हा पालकाचा साधा आणि रास्त आग्रह आहे.

अर्ज, पावती, पाठपुरावा

पालकांना मदत म्हटलं की आपल्याकडे व्याख्यान ठेवतात. 'सकारात्मक राहा' असं सांगून, चहा-बिस्किटं देऊन पाठवतात. त्यांना खरी गरज असते ती कागद नीट लिहायला शिकवण्याची.

बहुतेक पालक शाळेला लिहितात ते असं: 'माझ्या मुलीकडे कृपया विशेष लक्ष द्यावे.' या वाक्यावर शाळा काहीही न करता 'देत आहोत' असं उत्तर देऊ शकते. त्याऐवजी श्रवणयंत्र लावणाऱ्या तिसरीतल्या मुलीच्या आईने असं लिहिलं तर? 'बाई फळ्याकडे तोंड करून बोलतात तेव्हा मुलीला त्यांचे ओठ दिसत नाहीत. तरी तिला पहिल्या बाकावर बसवावे. शिकवताना खिडकी बाईंच्या पाठीशी नसावी, कारण मागून उजेड आला की चेहरा काळा दिसतो. श्रुतलेखन घेताना वर्गात फिरू नये. गृहपाठ तोंडी न सांगता डायरीत लिहून द्यावा. सहा आठवड्यांनी भेटून फरक पडला का ते पाहू.' यात पैसा लागत नाही, नवा शिक्षक लागत नाही, नाकारायला कारण उरत नाही. मुख्य म्हणजे वर्गातल्या बाईंनाही नेमकं काय करायचं ते कळतं. पुष्कळ शिक्षकांना मदत करायची असते; पन्नास मुलांच्या वर्गात कुठून सुरुवात करायची, हे त्यांना कुणी शिकवलेलं नसतं.

अर्जाच्या दोन प्रती काढाव्यात, एकीवर शाळेचा शिक्का आणि तारीख घ्यावी. अर्जात कायद्याचं कलम एका ओळीत असावं, धमकी नसावी. तोंडी बोलणं झालं तर त्याच संध्याकाळी 'आज आपण असं ठरवलं' असा दोन ओळींचा ईमेल पाठवावा. मुलाच्या वह्यांची, परीक्षेच्या पेपरांची, थेरपीच्या नोंदींची तारीखवार फाइल ठेवावी. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, काढून ठेवावं, कारण देशभर चालतं ते तेच. राष्ट्रीय न्यासाच्या चार प्रकारांत मूल बसत असेल तर निरामय योजनेतून वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत विमा मिळतो आणि थेरपीचा खर्चही त्यात येतो.

सरकारी शाळांत तर कायद्याने पालकाला एक खुर्ची दिलेलीही आहे. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे शाळा प्रबंधन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि वंचित गटातल्या मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात प्रतिनिधित्व द्यायचं असतं. दिव्यांग मुलाची आई या समितीवर आली की रॅम्प, शौचालय, बीआरपीची भेट हे विषय इतिवृत्तात येतात. विनाअनुदानित खासगी शाळांना हे कलम लागू नाही, आणि मध्यमवर्गीय मुलं तिथेच जास्त. म्हणून ज्यांच्याकडे शिक्षण, वेळ आणि ओळखी आहेत त्या पालकांना समिती नाही, आणि ज्यांना समिती आहे त्यांना एक दिवसाची मजुरी बुडवून बैठकीला यावं लागतं.

मतभेद आहेत, आणि असू द्यावेत

विशेष शाळा की सर्वसाधारण शाळा, यावर तज्ज्ञ दोन गटांत आहेत. १९९४ च्या सालामान्का जाहीरनाम्यापासून जगाचा कल समावेशी शिक्षणाकडे आहे. भारताने २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क कराराला मान्यता देऊन तीच दिशा धरली. पण खुणांची भाषा बोलणाऱ्या कर्णबधिर मुलाला सांकेतिक भाषा न येणाऱ्या शिक्षकांच्या वर्गात बसवणं म्हणजे समावेश नव्हे, असं कर्णबधिर समाजातले अनेक जण ठामपणे म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. तीव्र बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाच्या आईला पुण्याच्या कामायनीसारखी शाळा हवीशी वाटते, कारण तिथे मुलाला रोजचे व्यवहार शिकवतात. निवडीची मुभा असावी, हे कलम ३१ म्हणतं. निवडीला अर्थ तेव्हाच येतो, जेव्हा दोन्ही दारं खरोखर उघडी असतात. एक बंद असल्यामुळे दुसरीकडे जावं लागणं ही निवड नव्हे.

दुसरा मतभेद अधिक नाजूक आहे. पालक बोलतो तेव्हा मुलाचा आवाज कुठे जातो? आमच्याबद्दलचे निर्णय आमच्याशिवाय नकोत, असं दिव्यांग व्यक्तींची चळवळ सांगते आणि त्यात पालकांनाही एक टोचणी आहे. मालिनी चिब यांनी मोठं झाल्यावर एका बोटाने टाइप करत आपलं आत्मकथन लिहिलं. आईने उभं केलेलं सगळं मान्य करूनही त्यांना आपलं आयुष्य आपल्या शब्दांत सांगायचं होतं. म्हणून चांगल्या पालक-मदतीत मुलाला विचारणंही शिकवलं पाहिजे. पहिल्या बाकावर बसायला तुला आवडेल का? लेखनिक हवा की जास्तीचा वेळ? बारा वर्षांचा मुलगा 'सगळ्यांसमोर नको' म्हणाला तर ते ऐकायला हवं. अठराव्या वर्षानंतर कायद्यानेही पालकाचा शब्द अंतिम राहत नाही. ज्यांना स्वतः निर्णय घेणं शक्य नाही, त्यांच्यासाठी राष्ट्रीय न्यासाच्या जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करावा लागतो. 'आमच्या पश्चात काय' हा प्रश्न तिथून पुढे सुरू होतो. डोंबिवलीजवळ खोणीला अमेय पालक संघटनेने घरकुल उभं केलं ते याच चिंतेतून.

आणि तिसरी गोष्ट, जिच्यावर मतभेद नाहीत पण उपायही नाही. हे सगळं ओझं आईवर पडतं. नोकरी सोडते ती, थेरपीला नेते ती, शाळेत ऐकून घेते ती, आणि घरी 'तूच लाडावून ठेवलंयस' हेही तीच ऐकते. आईला अधिक लढाऊ व्हायला शिकवणं हाच जर आपला सगळा कार्यक्रम असेल, तर आपण व्यवस्थेचं काम तिच्या पदरात टाकून मोकळे होतो. तिच्याबरोबर दुसरं कुणी जाईल, हे पाहिलं पाहिजे.

मग करायचं काय?

कायद्यात दोन दुरुस्त्या हव्यात. वैयक्तिक आराखडा बंधनकारक करून त्यावर पालकाची सही आवश्यक करावी, आणि प्रत्येक जिल्ह्यात सरकारी खर्चाने पालक मार्गदर्शन केंद्र असावं. त्या दुरुस्त्या होतील तेव्हा होतील. तोवर थांबायचं कारण नाही, कारण अशा केंद्राला लागणारी सामग्री रायपूरसारख्या शहरातल्या मराठी वस्तीत आधीच पडून आहे. वीज मंडळ, रेल्वे, बँका, महाविद्यालयं, सचिवालय इथून निवृत्त झालेली माणसं इथे घरोघर आहेत. फाइल कुठल्या टेबलावर अडते आणि कुठल्या भाषेत लिहिलं की हलते, हे त्यांना पाठ आहे. निवृत्त शिक्षिका आहेत, ज्यांच्याशी बोलताना मुख्याध्यापक आवाज चढवत नाहीत. महाराष्ट्र मंडळासारख्या संस्थेकडे जागा आहे, पत आहे, लेटरहेड आहे.

महिन्यातून ठरलेल्या एका दिवशी टेबल मांडून बसायचं. दाखल्याचे आणि निरामयचे अर्ज भरून द्यायचे, शाळेला द्यायचं पत्र बसून लिहून काढायचं, आणि आईने सांगितलं तर शाळेतल्या भेटीला एकाने बरोबर जायचं. बरोबर गेलेल्या माणसाने भांडू नये. वही उघडून लिहून घ्यावं. समोर कुणी लिहून घेतंय हे दिसलं की बोलण्याचा सूर आपोआप बदलतो. ही सेवा मराठी माणसांपुरती ठेवायचंही कारण नाही. शेजारच्या रामकुंडमधली छत्तीसगढी आई याच टेबलाशी आली, तर तिची गरज बहुधा आपल्यापेक्षा मोठी असेल.

या टेबलाचं एक काम मात्र इतर सगळ्यांहून महत्त्वाचं ठरेल. कुठल्या शाळेने कुठली सोय लेखी दिली, कुठल्या परीक्षा मंडळाने कुठल्या नियमाखाली लेखनिक मंजूर केला, आयुक्तांनी कशावर काय शिफारस केली, याच्या प्रती, नावं झाकून, एका फाइलमध्ये जमा करायच्या. आज प्रत्येक आई शून्यापासून सुरुवात करते, कारण आधीच्या आईने जे मिळवलं ते तिच्या कपाटात राहिलं. पुढच्या वर्षी प्रवेशाला येणाऱ्या पालकाच्या हातात अशी पाच पत्रं असतील, तर 'आमच्याकडे अशी पद्धत नाही' हे उत्तर टिकणार नाही.